टँकवाल्या कॅसेटच्या पोटात: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम ठरलं ते असं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे टीव्ही गेम आले, म्हणजे मीडिया, लिटल मास्टर आणि त्यांची बिननावाची भावंडं, ते सगळे मुळात निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या ६० पिनांच्या कॅसेटी मिळतील तेवढ्या जमवायच्या, आतला रॉम (म्हणजे गेम कायमचा साठवलेली चिप, किंवा तिच्यातून उतरवलेली फाइल) कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि दोन गोष्टी शोधायच्या: कोणी न दाबलेले चीट कोड, आणि आत असूनही पडद्यावर कधी न येणारा मजकूर किंवा चित्रं. नक्कल करणाऱ्यांनी मूळ गेममधलं काय कापलं आणि काय चिकटवलं, तेही ओघाने दिसेलच.

आज पुण्याच्या जुन्या बाजारात पिवळ्या आणि काळ्या कॅसेटींचा एक ढीग मिळाला. निम्म्यांवर लेबल नाही, उरलेल्यांवर आहे ते भलत्याच गेमचं. चालतात का, असं विचारलं तर विकणारे काका म्हणाले, "टीव्ही कुठंय इथं, साहेब? घेऊन जा. नाही चालली तर पुढच्या रविवारी आणा, बदलून देतो." बरोबर मायक्रोवेव्हचा एक रिमोटही खपवत होते. मायक्रोवेव्हला रिमोट असतो हे मला नव्याने कळलं.

१८ जानेवारी

दिवस साफसफाईत गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान कोरायच्या काड्या, जुना टूथब्रश. फुंकर मारली की कॅसेट चालते, या आपल्या पिढीच्या श्रद्धेबद्दल एवढंच: फायदा व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याचा, कारण पिना नव्याने टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट गंज धरायचा. काही पिनांवर तो हिरवा पुरावा अजून आहे.

उघडलेल्या कॅसेटींत सुटी चिप जवळपास नाहीच. बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा गोळा आणि त्याखाली सिलिकॉन. चिप काढून वाचायचा प्रश्नच मिटला, त्यामुळे डम्पर, म्हणजे कॅसेटमधला मजकूर कॉम्प्युटरवर उतरवणारं यंत्र, कडेच्या पिनांना जोडून वाचन करतो आहे. दोन बाजू वेगळ्या वाचाव्या लागतात: प्रोसेसरला दिसणारा प्रोग्रॅम आणि चित्रांच्या चिपला दिसणाऱ्या टाइल्स, म्हणजे पडद्यावरचं चित्र ज्यांतून जुळतं ते छोटे चौकोनी तुकडे. प्रत्येक कॅसेट दोनदा वाचून दोन्ही फायलींचा सीआरसी (फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळला, तरच ती यादीत घ्यायची.

‘९९९९९९ इन १’ही उतरवली. त्यातले खरे गेम बोटांवर मोजता येतील इतके. बाकी मेन्यूतली तीच ती नावं. हिच्याकडे शेवटी वळेन.

२५ जानेवारी

शोधाची पद्धत चालते की नाही, हे आधी माहीत असलेल्या कोडवर पडताळायचं. त्यासाठी कॉन्ट्रा या गेममधला तीस लाईफ देणारा कोडच घ्यावा लागणार, दुसरं काय.

वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. दोघं खेळत असाल तर पुढे सिलेक्ट, मग स्टार्ट. वहीच्या मागच्या पानावर हे लिहिलेलं नाही असा मुलगा आमच्या गल्लीत नव्हता, आणि बहुतेकांना वाटायचं की सिलेक्टसुद्धा मंत्राचाच भाग आहे. सिलेक्टने फक्त दोन खेळाडूंचा पर्याय निवडला जातो.

आता हे रॉममध्ये कसं बसलेलं असतं? फॅमिकॉमचा प्रोसेसर रिमोटची बटणं $४०१६ या पत्त्यावरून एकेक बिट करून वाचतो. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आलेला प्रत्येक बिट डावीकडे सरकवत गेलं की आठव्या वाचनानंतर एक बाइट तयार होतो. त्यात ए म्हणजे ८०, बी म्हणजे ४०, वर ०८, खाली ०४, डावं ०२, उजवं ०१ (सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत). म्हणजे तीस लाईफचा मंत्र रॉममध्ये असा दिसायला हवा:

०८ ०८ ०४ ०४ ०२ ०१ ०२ ०१ ४० ८०

फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये हीच ओळ शोधली आणि एका झटक्यात सापडली. शेजारीच ती तपासणारा तुकडा आहे. टायटल स्क्रीनवर दाबलेलं प्रत्येक बटण या तक्त्याशी ताडलं जातं आणि बरोबर असेल तर मोजणी एकाने पुढे सरकते. दहाही जुळले की लाईफच्या जागी ०२ ऐवजी १डी बसतो. हेक्समधला १डी म्हणजे २९. मोजणी शून्यापासून होते, म्हणून एरवी ३ आणि कोडने ३०. लहानपणी ज्याच्यासाठी आम्ही एकमेकांचे रिमोट हिसकावले, तो सगळा ऐवज दहा बाइटांचा तक्ता आणि एक आकडा.

काही प्रोग्रामर बिट उजवीकडे सरकवतात. मग बाइट उलटा बनतो आणि तोच मंत्र १० १० २० २० ४० ८० ४० ८० ०२ ०१ असा दिसतो. शोधाच्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही क्रम घातले. शिवाय फक्त याच आठ किमतींचे बाइट सलग आले की ती जागा वेगळी काढायची, म्हणजे माहीत नसलेले कोडही जाळ्यात येतील.

कोडचा जन्म १९८६ चा. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो आर्केडवरचा ग्रेडियस फॅमिकॉमवर आणत होते. गेम इतका अवघड की तपासणीसाठी तो त्यांना स्वतःलाच शेवटपर्यंत खेळता येईना. मग त्यांनी जवळपास सगळी शस्त्रं एकदम देणारा कोड घातला आणि आपल्यालाच वापरायचा म्हणून लक्षात राहील असा क्रम ठेवला. हाशिमोतो २०२० मध्ये गेले. शोधताना डोक्यात ठेवायचं ते हे: कोड खेळणाऱ्यासाठी क्वचितच लिहिलेला असतो. तो तपासणाऱ्याचं हत्यार असतो आणि मालाबरोबर चुकून किंवा मुद्दाम बाहेर पडतो. म्हणजे गेम जिथे तपासायला सगळ्यात कटकटीचा, तिथे आधी खणावं.

कोनामीने पुढे या कोडची थट्टाही केली. सुपर फॅमिकॉमवरच्या ग्रेडियस ३ मध्ये तोच क्रम दाबला की आपलंच विमान फुटतं.

२ फेब्रुवारी

अफवांची यादी निकालात काढली, कारण मित्रांचे मेसेज थांबेनात.

कॉन्ट्राला आठच्या पुढे गुप्त स्टेज: नाहीत. आठ संपले की गेम पुन्हा पहिल्यापासून, जरा कडक होऊन.

मारिओत झेंड्याच्या खांबावरून उडी मारली की पलीकडे राणी भेटते: काही ठिकाणी, उदाहरणार्थ ३-३ मध्ये, उडी खरंच मारता येते. पलीकडे राणी नाही. जमीन संपत नाही आणि वेळ संपतो.

रोड फायटरमध्ये बाजूने सुपरमॅन उडत जातो: खरं! फक्त तो कोनामी मॅन, कंपनीचा घरचा वीर. बराच वेळ गाडी कुठे न आपटता चालवली की येतो आणि जादा गुण देऊन जातो. आमच्याकडे हे सांगणाऱ्या मुलाला सगळ्यांनी खोटारडा ठरवलं होतं. तो आता नाशिकला असतो, त्याला कळवलं आहे.

८ फेब्रुवारी

बॅटल सिटी. नाम्को, १९८५. आपला टँकवाला गेम: विटांच्या भिंती, मध्ये गरुड, ३५ स्टेज, प्रत्येकात शत्रूचे वीस टँक.

तक्ता शोधणारी स्क्रिप्ट चालवली. हाती काही नाही. कॉन्ट्रासारखी बटणांची ओळ या रॉममध्ये कुठेच नाही.

म्हणून दुसरी वाट. एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कोड-डेटा लॉगर आहे. गेम चालू असताना प्रोसेसर ज्या ज्या बाइटला हात लावतो, त्यावर तो खूण करत जातो: हा बाइट सूचना म्हणून चालला, हा नुसता वाचला. तासन् तास खेळून, प्रत्येक कोपऱ्यात शिरून झालं की ज्यावर खूण नाही ते दोनच प्रकारचं असतं. एक तर रिकामी जागा भरायला घातलेला गाळ, नाही तर अशी वाट जिच्यावर आपण अजून गेलेलो नाही.

बॅटल सिटी या कामाला फार सोयीचा. अख्खा गेम २४ केबी, त्यात प्रोग्रॅम १६ आणि चित्रं ८. आज मोबाईलवर आलेल्या सुप्रभातच्या फुलाचा फोटो त्याहून मोठा असतो. सगळे स्टेज खेळलो, दोन खेळाडूंनी खेळलो, गरुड मुद्दाम फोडून घेतला, पॉज केलं, डेमो चालू दिला, कन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे स्वतः स्टेज रचायच्या भागात, जाऊन भिंती रचल्या. लॉगर मागे चालूच.

१५ फेब्रुवारी

खूण नसलेल्या तुकड्यांकडे जाण्याआधी, खूण असलेल्या एका तुकड्याने अडवलं.

रॉममध्ये सरळ वाचता येतील अशी नावं आहेत: र्योइची ओकुबो, ताकेफुमी ह्योदो, जुन्को ओझावा. ओझावाबाईंचं नाव नाम्कोच्या संगीतामुळे माहीत असलेलं. त्या काळी जपानी कंपन्या गेमवर माणसांची नावं सहसा घालू देत नसत, घातलीच तर टोपणनावं. चांगला माणूस दुसऱ्या कंपनीने पळवू नये म्हणून. त्यामुळे नावं लपवलेली सापडणं नवलाचं नाही. नवल हे की लॉगरने त्यावर ‘वाचलं’ अशी खूण केली आहे. नावं पडद्यावर कधीच येत नाहीत, मग प्रोसेसर ती वाचतो कशाला?

ब्रेकपॉइंट, म्हणजे ती नावं वाचली जाताच गेम थांबवणारी खूण, लावला तर तो लागला गेम सुरू होतानाच. फॅमिकॉममध्ये आत्ता वीज नव्याने आली की कुणी नुसतं रीसेट दाबलं, हे गेमला आपणहून कळत नाही. कळलं तर रीसेटनंतर हाय-स्कोअर तसाच ठेवता येतो. त्यासाठी मेमरीत एक ओळखीची खूण लिहून ठेवतात. वीज गेली की ती पुसली जाते, रीसेटने जात नाही. सुपर मारिओमध्ये ही खूण म्हणजे $०७एफएफ या पत्त्यावर ठेवलेला ए५ हा कोरडा आकडा. बॅटल सिटीवाल्यांनी तिथे आपलं नाव ठेवलं. मशीन चालू होताना गेम विचारतो, मेमरीत ओकुबो आहे का? असेल तर स्कोअर ठेव. नसेल तर हाय-स्कोअर २०००० वर आण आणि नाव लिहून टाक.

म्हणजे ही सही कामावर आहे. कुणी वरिष्ठाने ‘हे काढा’ म्हटलं असतं, तर नाव काढून तिथे दुसरं काहीतरी घालावंच लागलं असतं. गेली काही वर्षं असल्या गोष्टी बघतो आहे, पण इतकी साळसूद चतुराई मी पाहिली नव्हती. रात्री बायकोला उठवून सांगणार होतो, पण अक्कल शाबूत होती.

१६ फेब्रुवारी

आता खूण नसलेले तुकडे. एक सलग पट्टा उरला: थोडा मजकूर आणि तो पडद्यावर मांडणारा कोड. मजकूर इंग्रजीत आहे. आशय असा की हा प्रोग्रॅम ओपन-रीच अशा टोपणनावाच्या कुणीतरी लिहिला, ज्याचं नोरिकोवर प्रेम आहे.

ही चिठ्ठी शोधणारा मी पहिला अजिबात नाही. गेम सुटा करून वाचणाऱ्यांनी ती केव्हाच उघड केलेली आहे. मला बघायची होती ती वाट. तक्ता नाही, मग कोड कुठे लपला?

मजकुरापासून उलटं चालत गेलो. हा तुकडा कोण बोलावतं, त्याला कोण, असं करत टायटल स्क्रीनवर पोचलो. तिथे मोजणी करणारे तुकडे बसलेत. कन्स्ट्रक्शनमध्ये शिरलं की एक मोजणी वाढते. पहिल्या रिमोटवर खाली धरून दुसऱ्यावर ए दाबलं की दुसरी. पहिल्यावर उजवं धरून दुसऱ्यावर बी दाबलं की तिसरी. शेवटी तिन्ही आकडे ठरावीक किमतींशी जुळले तरच चिठ्ठीची वाट उघडते. कॉन्ट्रात ‘कोणत्या क्रमाने’ हा प्रश्न होता, इथे ‘किती वेळा’ हा आहे. क्रम नसल्यामुळे रॉममध्ये ओळखता येईल असा साचा नाही, आणि चाळा म्हणून बटणं बडवणाऱ्या मुलांच्या हाती हे जन्मात लागणार नाही.

आकडे इथे लिहीत नाही. ज्याला हवेत त्याने डीबगर (प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून आत बघायचं साधन) उघडावा, १६ केबीच आहे.

स्क्रिप्टमध्ये भर: $४०१६ आणि $४०१७ (दुसऱ्या रिमोटचा पत्ता) दोन्ही वाचून झाल्यावर ज्या मोजण्या वाढतात आणि पुढे कुठेतरी एका स्थिर आकड्याशी ताडल्या जातात, त्यांची यादी काढायची. गोंगाट फार येतो, कारण स्कोअर, लाईफ, वेळ सगळंच मोजणी आहे. पण टायटल स्क्रीनपुरतं मर्यादित ठेवलं तर झेपतं.

२३ फेब्रुवारी

एम्युलेटरवर झालं, आता खऱ्या मशीनवर. दोन रिमोट एकदम हाताळायचे म्हणून भाचीला बसवलं. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट नाहीत हे बघून तिने तो मोडका ठरवला. मूळ फॅमिकॉमच्याही दुसऱ्या रिमोटवर ती बटणं नव्हती, त्या जागी मायक्रोफोन होता. चिठ्ठीवाल्याने दुसऱ्या रिमोटकडून फक्त ए आणि बी मागितलेत, म्हणून नकली मशीनवरही हे जमायला हरकत नाही. खबरदारी एकच: आपल्या रिमोटवरचं टर्बो बटण दाबायचं नाही, मोजणी क्षणात पुढे निघून जाते.

अडचण कॅसेटची. बाजारातून आणलेल्या टँकच्या कॅसेटीत टायटलखालची नाम्कोची कॉपीराइट ओळ आणि लाल अक्षरांतलं नाव कोऱ्या टाइल्सनी पुसलेलं आहे. पुसणाऱ्याने आणखी काय उडवलं असेल कोण जाणे, असं वाटत होतं. पण फाइल मूळ रॉमशी बाइटला बाइट लावून पाहिली तर बदल फक्त टायटलपुरते. कंपनीचं नाव गेलं, ओकुबोंचं राहिलं. ते पुसलं असतं तरी गेम चालला असता. पुसणाऱ्याने पडद्यावर जे दिसलं तेवढंच पाहिलं, बस.

चिठ्ठी आली. ट्यूबच्या टीव्हीवर, किंचित थरथरत.

"मामा, नोरिको कोण?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग तिने एवढी बटणं दाबली असतील?"

यावर माझ्याकडे डीबगर नाही.

२ मार्च

पुढच्या कॅसेटी चढवण्याआधी, इतरांनी शोधलेल्या गोष्टी इतकी वर्षं का दडून राहिल्या, ते जरा मांडून पाहिलं. स्क्रिप्टला नवीन नियम हवेत म्हणून.

१९७७ च्या स्टारशिप १ या अटारीच्या आर्केड मशीनमध्ये ठरावीक क्रमाने नियंत्रणं हाताळली की ‘हाय रॉन’ असं उमटतं आणि दहा गेम फुकट मिळतात. रॉन म्हणजे ते बनवणारे रॉन मिल्नर. ही गोष्ट एड फ्राइझ यांनी २०१७ मध्ये उजेडात आणली. चाळीस वर्षं! इथे कारण सरळ आहे: अशी मशीनं आता मोजकीच उरली आहेत आणि कुणी त्यांच्यासमोर बसून बटणं बडवत नाही.

अटारीच्या होम कॉम्प्युटरवरच्या डाँकी काँगची गंमत वेगळी. ते लिहिणारे लँडन डायर यांनी २००८ मध्ये सांगितलं की आत एक गंमत लपवली आहे, पण ती कशी काढायची ते मलाच आठवत नाही आणि काढण्याच्या लायकीचीही नाही. पुढच्या वर्षी डॉन हॉजेस यांनी कोड वाचून वाट काढली: स्कोअर ठरावीक हजारांत हवा, शेवटची लाईफ पडून जायला हवी, मग ऑप्शन बटण दाबून अवघडपणाची पातळी बदलायची. बक्षीस काय, तर पडद्यावर डायर यांची आद्याक्षरं. बटणांच्या क्रमाला इथे महत्त्वच नाही, अटी खेळाच्या स्थितीवर आहेत. माझी स्क्रिप्ट ही गोष्ट पकडू शकली नसती. आता स्कोअरचे अंक ताडणारे सगळे तुकडेही यादीत घेतो.

सुपर निन्टेन्डोवरचा सुपर पंच-आउट १९९४ चा. त्यात दोन माणसांना एकमेकांशी खेळता येतं, हे २०२२ मध्ये कळलं. सगळं शिजवून ताटात वाढलेलं आणि २८ वर्षं कुणी झाकण काढलं नाही. ही वाटही दुसऱ्या रिमोटवरून जाते. एका माणसाच्या गेममध्ये दुसरा रिमोट कुणी हातात घेत नाही, म्हणून लपवायला तीच उत्तम जागा. नवीन नियम: एकट्याच्या गेममध्ये $४०१७ वाचलं जात असेल तर तिथे आधी बघायचं.

९ मार्च

मारिओ. ए धरून स्टार्ट दाबलं की गेम ओव्हर झालेल्या जगापासून पुन्हा सुरू होतं, हे माहीत असतं तर माझ्या किती तरी मे महिन्यांच्या सुट्ट्या सुखात गेल्या असत्या.

उणे एकचं जग मात्र या प्रकल्पात घेत नाही. भिंतीतून घुसून चुकीच्या पाइपमध्ये गेलं की गेम ३६व्या जगात नेतो. आकड्यांच्या टाइल्समध्ये ३६वी कोरी असल्याने ते जग ‘ -१’ असं दिसतं. ते कुणी ठेवलेलं नाही, तो आकडा भलत्या जागेवरून उचलला गेला. बघायला झकास, पण मी ठेवलेल्या गोष्टी शोधतो आहे.

२९ मार्च

उद्या पाडवा. श्रीखंडाचा चक्का टांगून झाला, म्हणून मल्टीकॅसेट उघडली.

मेन्यूमागे एक तक्ता आहे. प्रत्येक नोंदीत कोणता गेम आणि सुरू करण्याआधी मेमरीत कोणता आकडा कुठे टाकायचा, एवढंच. म्हणजे ‘मारिओ’ पुन्हा पुन्हा दिसतो तो तोच, फक्त कधी पुढच्या जगातून, कधी जास्त लाईफ घेऊन. नक्कल करणाऱ्याने मूळ गेम सुटा करून लाईफ कुठे ठेवली आहे, जग कुठे ठेवलं आहे, ते शोधलं होतं. मी गेले तीन महिने जे करतो आहे तेच, आणि बहुधा माझ्याहून वाईट साधनांनी. आम्ही दुपारभर एकेक क्रमांक लावून बघायचो आणि चिडायचो की पुन्हा तोच आला. ते चीट कोडच होते, आम्ही मेन्यू समजत होतो.

या माणसाची सही शोधली. साध्या अक्षरांत नाही, टाइल्समध्ये नाही, भरावाच्या बाइटांतही नाही.

तक्त्यातल्या नोंदी आणि त्यांचे मेमरीतले पत्ते वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवले. आता सर्कसची कॅसेट, तिचे दोन सीआरसी अजून जुळत नाहीत. डाव्या बाजूच्या पिना पुन्हा घासायच्या, नाही तर काकांकडून बदलून आणायची.